सातबारा कोरा आहे हो, पण...

"सातबारा एकदम कोरा आहे, डोळे झाकून घ्या." या एका वाक्यावर आमच्या मावशीने नगरपालिका हद्दीत जागा घेतली. उतारा खरंच कोरा होता. बोजा नाही, कूळ नाही, भाऊबंदकी नाही. बांधकाम परवानगीसाठी गेल्यावर कळलं की विकास आराखड्यात, म्हणजे शहरात कुठे काय होणार हे ठरवणाऱ्या सरकारी नकाशात, तिथे खेळाचं मैदान आहे.

सातबारा हा महसूलचा कागद. जमीन कोणाची, कोण कसतं, कर्ज कोणाचं, एवढं तो सांगतो. तिथे काय बांधता येईल हे ठरवतं नगररचना खातं, 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखालच्या आराखड्यातून. त्यासाठी गट नंबर देऊन झोन दाखला (जागा कोणत्या पट्ट्यात येते ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढाच तुकडा) काढावा लागतो. इसाराची रक्कम देण्याआधी, नंतर नव्हे!

एजंट लोक 'यलो झोन' असं म्हणतात की जणू सोनंच. पिवळा म्हणजे रहिवासी पट्टा, बरोबर. पण त्याच पिवळ्यात मैदानाचं, शाळेचं आरक्षण असू शकतं, म्हणजे जागा त्या कामासाठी राखून ठेवलेली, किंवा आखलेला रस्ता तुमच्या जागेच्या बरोबर मधून जात असतो. आणि हिरव्या, म्हणजे शेती पट्ट्यातली जमीन दाखवून "एनए (बिगरशेती) काय, होऊन जाईल" म्हणणाऱ्याला आधी नकाशा मागा. शेती पट्ट्यात साधी घरांची स्कीम बसत नाही, मग तो एनए कशाच्या जोरावर करून देणार?

माझा आरक्षणाला विरोध नाही. मैदानं नकोत असं कोण म्हणेल? आमच्याच गल्लीतली पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि काचा आमच्याच फुटतात. माझा राग वेगळा आहे. नकाशावर रंग भरायचा, पैसे द्यायचे नाहीत आणि मालकाला ताटकळत ठेवायचं. कायद्यात कलम 127 आहे: अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही तर मालक तिला 'जागा विकत घ्या' अशी नोटीस देऊ शकतो, त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द. म्हणजे बारा वर्षं. एक तप! तोवर घरपट्टीसारखा कर भरा आणि कुंपणाची तार बदलत राहा.

आता आराखडा सुधारायचं घाटतंय. प्रारूप (कच्चा आराखडा) जाहीर झालं की हरकतींना 30 दिवस मिळतात. मागच्या वेळी ती जाहिरात कोणी वाचलीच नव्हती. या वेळी रोज पेपर चाळायचं काम मावशीने माझ्या गळ्यात घातलंय.