वणवा विझवायचा गावाने, शब्द कोणाचा?

सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावाने मिळून वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळालेल्या गावात वणवा लागला तर शब्द कोणाचा चालावा, ग्रामसभेचा की वनखात्याचा? उन्हाळ्यात घरी फोन केला की हा वाद मला इथे, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातही ऐकू येतो.

मी इथल्या रूरल फायर सर्व्हिसच्या, म्हणजे ग्रामीण अग्निशमन दलाच्या तुकडीत स्वयंसेवक आहे. आमची शेड साधी, पत्र्याची. खुंट्यांवर पिवळे कोट, खाली बूट आणि बुटांवर पँट आधीच चढवून ठेवलेली. पाय घातले, वर ओढली, निघालो. कॅप्टन आम्हीच निवडलेला. कुठल्या वाटेवर टँकर वळत नाही, कुठल्या घरात म्हातारी एकटीच राहते, हे त्याला तोंडपाठ. लहान आगीत त्याचंच ऐकायचं. आग आवाक्याबाहेर जाते असं दिसलं की १९९७ च्या कायद्याचं कलम ४४ लागतं आणि सूत्रं दलाच्या राज्य आयुक्तांकडे जातात. कोणी कधी बाजूला व्हायचं हे आधीच ठरलेलं असतं.

त्याच्याही वर गोंधळ होतोच. ४ जानेवारी २०२० ला पंतप्रधानांनी राखीव सैनिक उतरवण्याची घोषणा केली, आणि आयुक्त शेन फिट्झसिमन्स यांना ती बातम्यांतून कळली. ऐन आगीच्या धुमाळीत!

म्हणून सगळा अधिकार वर नेण्याला माझा विरोध आहे. पण आपल्याकडे गावाच्या वाट्याला आजवर काय आलं? १९२७ च्या वन कायद्याचं कलम ७९ सांगतं की जंगलात हक्क असलेल्याने अधिकाऱ्याने सांगो न सांगो, वणवा विझवायला धावलंच पाहिजे. कुचराई केली तर शिक्षा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला, हे फार मोठं काम झालं. पण बूट, पाण्याचे पंप, जखमी झालेल्याला भरपाई? इथे स्वयंसेवकाच्या भरपाईसाठी १९८७ पासून स्वतंत्र कायदा आहे.

माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी ओल्या डहाळ्यांनी आग झोडपली. पायात चप्पल होती. तळवा भाजला, महिनाभर मजुरी बुडाली, औषधपाणी त्याने पदरचं केलं.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा, कुठून काढायची हे ग्रामसभेने ठरवावं, आणि त्याचे पैसे तिच्या खात्यावर फेब्रुवारीच्या आधी यावेत. आग किती पसरली की वनखात्याने सूत्रं घ्यायची, हेही तेव्हाच कागदावर यावं. आणि बूट तेवढे या उन्हाळ्याआधीच द्या.