व्हिनियर ‘आयुष्यभर’ टिकतात आणि ‘नको तेव्हा काढता’ही येतात?

व्हिनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा; तो पोर्सेलिनचा (चिनीमातीसारख्या पदार्थाचा) किंवा कंपोझिटचा (दाताच्या रंगाच्या रेझिनचा) असतो. सध्या फिरणारा दावा असा: ‘व्हिनियर एकदा बसवले की कायमची काळजी मिटली. कीड लागत नाही, डाग पडत नाहीत. नको वाटले तर काढून टाका, आतला दात जसाच्या तसा!’ त्याखाली हमखास कुणीतरी उलटा सूर लावतो, ‘दात घासून घासून नुसते खुंट उरतात.’ दोन्ही खरे असणे शक्यच नाही. दोन्ही खोटे असणे मात्र शक्य आहे, आणि इथे तसेच आहे.

आधी ‘काढून टाका’ हे कलम घेऊ, कारण त्याच्यावर विसंबून घेतलेला निर्णय फिरवता येत नाही. पोर्सेलिनचा व्हिनियर साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो. तो बसून दात जाडजूड दिसू नये म्हणून बहुतेक वेळा पुढच्या बाजूचे इनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, घासावे लागते. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतो तेव्हाच संपतात. त्यामुळे घासलेला थर पुन्हा येत नाही, मग टूथपेस्टच्या वेष्टनावर काहीही लिहिलेले असो. व्हिनियर काढला की तिथे दुसरे काहीतरी बसवणे भागच पडते. शिवाय तो नेलपॉलिशसारखा पुसूनही निघत नाही. ड्रिलने किंवा लेझरने काढावा लागतो. न घासता बसवायचे व्हिनियर असतात, हे खरे. दात लहान असतील, मध्ये फटी असतील, तिथे ते शोभतात. आधीच पुढे आलेल्या दातावर तेच चढवले तर दात फुगीर दिसतो आणि हिरडीपाशी उरलेल्या कडेला प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचतो.

आता खुंट. त्या व्हायरल व्हिडिओंमधले निमुळते दात पाहिले की अंगावर काटा येतो, पण ती तयारी बहुधा कॅपची, म्हणजे दाताला चारी बाजूंनी झाकणाऱ्या टोपीची असते. खाली ‘व्हिनियर’ लिहिले म्हणून ते व्हिनियर होत नाहीत. एडेलहॉफ आणि सोरेन्सेन या दंतसंशोधकांनी पुढच्या दातांवर हे मोजून २००२ मध्ये प्रसिद्ध केले: व्हिनियरसाठी हिरडीबाहेरच्या दाताचा ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. म्हणून ‘व्हिनियर करून देतो’ म्हणणाऱ्याला दात चारी बाजूंनी घासणार की फक्त पुढून, एवढे तरी विचाराच.

‘आयुष्यभर’ या शब्दाचे उत्तर चिकटवण्याच्या पद्धतीत आहे. १९३० च्या दशकात दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी हॉलीवूडच्या नटांसाठी असे पापुद्रे केले, पण ते चित्रीकरणापुरते लावायचे आणि मग उतरवायचे, कारण ते धरून ठेवणारे काहीच नव्हते. १९५५ मध्ये दंतसंशोधक मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले की आम्लाने इनॅमल खरखरीत केले तर रेझिन (प्लास्टिकसारखा चिकटणारा पदार्थ) त्याला घट्ट धरते. आजचे व्हिनियर याच पकडीवर उभे आहेत. ही पकड इनॅमलवर उत्तम; इनॅमलखालच्या मऊ थरावर, म्हणजे डेन्टीनवर, ती तितकी भरवशाची नसते. जास्त घासले तर सुरुवातीलाच आयुष्य घटते, आणि थंड-गरमाने दात शिवशिवण्याची शक्यता वाढते ती वेगळीच. नीट बसलेले पोर्सेलिन १० ते १५ वर्षे, कधी त्याहून जास्त टिकते. कंपोझिट साधारण ५ ते ७ वर्षे. पंचविशीत बसवले तर ते पुन्हा बदलावे लागतील, हे धरूनच चालायचे. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर नाईट गार्डशिवाय (रात्री दातांवर घालायच्या संरक्षक साच्याशिवाय) तेवढीही खात्री नाही.

कीड? व्हिनियर फक्त पुढून झाकतो. मागची बाजू उघडीच असते, आणि जिथे पापुद्रा संपतो ती रेष तर किडीची आवडती जागा. पोर्सेलिन स्वतः किडत नाही. त्याखालचा दात किडतो.

डागांबाबत दावा अर्धा बरोबर आहे. पोर्सेलिनवर डाग सहसा चढत नाही; कंपोझिटवर चढतो, जोडाच्या रेषेवरही चढतो. उलट बाजूची गोष्ट कुणी सांगत नाही: ब्लीचिंगने पोर्सेलिनचा रंग बदलत नाही. शेजारचे दात पांढरे करायचे असतील तर ते आधी करा, रंग स्थिरावायला आणि पकड कमकुवत होऊ नये म्हणून साधारण दोन आठवडे थांबा, आणि मगच व्हिनियरची छटा ठरवा.