समीक्षकांना रिमेकचे वावडे असते काय?

‘अ स्टार इज बॉर्न’ या हॉलिवूडपटाचा दाखला देऊन एक विधान वारंवार केले जाते : १९३७चा चित्रपट तेवढा अस्सल, पुढच्या तिन्ही रिमेकना समीक्षकांनी नाके मुरडली आणि प्रेक्षकांनी ते केवळ गाण्यांसाठी पाहिले.

आधी अस्सलपणाचे पाहू. मद्याच्या आहारी जाऊन उतरणीला लागलेला दिग्दर्शक आणि त्याने पुढे आणलेली नटी ही कथा निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी १९३२ मध्येच ‘व्हॉट प्राइस हॉलिवूड?’मधून मांडली होती. तिच्याशी मिळतीजुळती कथा असलेला १९३७चा चित्रपटही त्यांचाच, आणि तो संगीतप्रधान नव्हता.

नाके मुरडल्याच्या आरोपाला १९५४चा रिमेकच छेद देतो. जॉर्ज क्युकर यांच्या या चित्रपटातील जुडी गारलंड यांच्या अभिनयाची समीक्षकांनी भरभरून स्तुती केली. तक्रार होती ती चित्रपटगृहांची, कारण तीन तासांच्या लांबीमुळे दिवसाचे खेळ कमी होत होते. त्यापायी वॉर्नर ब्रदर्सने प्रदर्शनानंतर सुमारे अर्धा तास कापून टाकला. पुढे १९८३ मध्ये, उपलब्ध ध्वनिफितीला हरवलेल्या दृश्यांच्या जागी स्थिरचित्रांची जोड देऊन, तो १७६ मिनिटांचा करण्यात आला. नकलेसाठी एवढा खटाटोप कोणी करीत नाही.

१९७६च्या आवृत्तीवर मात्र टीकेची झोड उठली, हे खरे आहे. पण रोख होता नायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी चित्रपटावर गाजवलेल्या वर्चस्वावर आणि त्यात रंगवलेल्या, न पटणाऱ्या रॉक-संगीताच्या विश्वावर. शिवाय दिग्दर्शक फ्रँक पिअर्सन यांनी चित्रीकरणातील भांडणे प्रदर्शनापूर्वीच लेख लिहून चव्हाट्यावर आणली होती, त्यामुळे वातावरण आधीच कलुषित झाले होते. तरीही चित्रपट तुफान चालला आणि ‘एव्हरग्रीन’ला ऑस्कर मिळाले, गाण्यांचा मुद्दा लागू पडलाच तर तो इथे.

२०१८च्या चित्रपटाला एकच ऑस्कर, तेही गाण्याला, यावरून समीक्षकांचे मत ठरवणे तर अजबच, कारण ते पुरस्कार चित्रपट-व्यावसायिकांच्या मतांवर ठरतात. त्यातही नामांकने आठ होती, ज्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि अभिनयाची तीन होती. नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू या चित्रपटांना पुरस्कार देणाऱ्या अमेरिकी संस्थेने ब्रॅडली कूपर यांना दिग्दर्शनासाठी, तर लेडी गागा यांना अभिनयासाठी गौरविले. ज्यांनी दोष काढले, त्यांपैकी अनेकांचा आक्षेप सैलावलेल्या उत्तरार्धाला आणि पॉप संगीताला उथळ ठरवणाऱ्या दृष्टीला होता.