राणीच्या बागेतली उर्वशी आणि तिची न लिहिलेली नोंदवही

भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशी फुलली आहे. परवा सकाळी साडेनऊला फाटक उघडताच आत गेलो, तेव्हा एक माळीदादा तिच्या आळ्यात पाणी सोडत होते आणि त्यांच्या डोक्यावर हात-हात लांबीचे लाल तुरे झुंबरासारखे लोंबत होते. यातले एक फूल तळहातावर घेऊन पाहावे. लाल पाकळ्यांतली सर्वांत मोठी पाकळी टोकाकडे पसरट होते आणि तिथे हळदीचे बोट टेकवावे तसा पिवळा ठिपका असतो. कोवळी पाने इतकी लुळी लोंबतात की नवख्या माणसाला झाड सुकत चालले आहे असे वाटावे. तपकिरी-जांभळट झिरमिळ्यांसारखी ती काही दिवस तशीच राहतात, मग हिरवी होऊन ताठ होतात. मी तिथे पाऊण तास उभा होतो. तेवढ्या वेळात शाळांच्या दोन सहली आणि कितीतरी कुटुंबे पेंग्विनांच्या दिशेने निघून गेली, पण झाडाकडे मान वर करून पाहणारे तिघेच भेटले.

मुलांनी पेंग्विन जरूर पाहावेत. माझी तक्रार मुलांविषयी नाही आणि प्राण्यांविषयीही नाही. या जागेचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय असे आहे, आणि त्यात ‘वनस्पती’ हा शब्द आधी येतो तो इतिहासाला धरूनच. 19 नोव्हेंबर 1862 रोजी ही बाग लोकांसाठी खुली झाली. प्राणिसंग्रहालय आले 1890 मध्ये, म्हणजे पुढची तब्बल अठ्ठावीस वर्षे इथे येणारा माणूस झाडे पाहायलाच येत होता. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. अनेक तुकड्यांना हातात वही देऊन मी या बागेत फिरवले आहे, आणि म्हणूनच मनात बरीच वर्षे साचलेले आज सविस्तर लिहीत आहे.

या बागेची आधीची पिढी शिवडीला होती. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेने तिथे वनस्पतिबाग केली होती, आणि 1865 मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली. आजची शिवडीची दफनभूमी ती हीच. तोवर संस्थेने भायखळ्याला नवी बाग उभी केली होती. त्या काळी संस्थेचे काम पाहणारे जॉर्ज बर्डवूड हे जन्माने बेळगावचे आणि पेशाने डॉक्टर. मुंबई इलाख्यात कोणकोणते उपयुक्त वनस्पतिजन्य पदार्थ मिळतात याची सूची त्यांनी 1862 मध्येच प्रसिद्ध केली. बागेच्या आवारातल्या वस्तुसंग्रहालयासाठी झटणारे डॉ. भाऊ दाजी लाड हेही डॉक्टरच होते आणि महारोगावर औषध शोधताना ते सह्याद्रीतल्या कडू कवठाच्या बियांपर्यंत पोहोचले होते. बाग, वस्तुसंग्रहालय आणि औषधांचा शोध ही तेव्हाच्या मुंबईत एकाच वर्तुळातल्या माणसांची कामे होती. राणीची बाग जन्माला आली ती झाडांविषयी काही जाणून घेण्यासाठी. सावलीत बसायची सोय त्या ओघात झाली.

उद्यान आणि वनस्पतिउद्यान यांतला फरक मी विद्यार्थ्यांना नेहमी एका प्रश्नाने समजावत असे. झाडासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, ‘हे झाड इथे कुठून आले, केव्हा आले आणि हे ठरवले कुणी?’ याचे उत्तर ज्या बागेच्या नोंदवहीत सापडते ती वनस्पतिउद्यान. मूळ जंगल कोणते, बी आले की कलम, लावल्याचे वर्ष, शास्त्रीय नावाची खात्री करणारा अभ्यासक आणि त्याच झाडाची फांदी वाळवून ठेवलेला नमुना, एवढे तपशील जवळ असले की ते झाड संशोधनाच्या कामाचे होते. मग त्याच्या पानातून काढलेल्या डीएनएला अर्थ येतो, बियांना अर्थ येतो, फुलण्याच्या तारखांना अर्थ येतो. तपशील नसतील तर झाड तेवढेच सुंदर असते, सावलीही तेवढीच देते, परंतु अभ्यासकाला त्याच्याविषयी ठामपणे एक वाक्यही लिहिता येत नाही.

उर्वशीचेच पाहा. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक यांना ती 1827 मध्ये ब्रह्मदेशात मार्तबान भागातल्या एका मठाच्या बागेत दिसली. तिची फुले तिथल्या गुहांमधल्या बुद्धमूर्तींना वाहिली जात. रानात ती फार म्हणजे फारच क्वचित सापडली आहे. जगाला ती माहीत आहे ती मठांमुळे आणि वनस्पतिउद्यानांमुळे. शिवाय लागवडीतल्या उर्वशीला शेंग सहसा धरत नाही, आणि धरलीच तर ती बातमी ठरते, म्हणून तिची वाढ गुटी कलमांवर चालते. आता त्याच बागेतल्या कैलासपतीकडे या. हा दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे उर्वशीपेक्षा कितीतरी लांबून आलेला. त्याच्या फुलात मध नसतो. फुलाच्या मधोमध नागाच्या फणीसारखा जो भाग झुकलेला दिसतो, त्यावरच्या केसरांतले पराग केवळ कीटकांना खाऊ म्हणून असतात, आणि खाली कड्यासारख्या वर्तुळात बसलेल्या केसरांतले पराग खऱ्या फलनाचे. वरचा खाऊ गोळा करायला भुंगा आत घुसला की खालचे पराग त्याच्या पाठीला लागतात आणि तो पुढच्या फुलाकडे जातो. आपल्याकडच्या काळ्या भुंग्यांनी हे झाड सहज आपलेसे केले आणि मुंबईत त्याला तोफेच्या गोळ्यांएवढी फळे धरतात.

एका परदेशी झाडाला इथे जोडीदार कीटक मिळाला आणि दुसरे वर्षानुवर्षे फुलूनही रिकामेच राहिले, असे का व्हावे? उर्वशीकडे येणारा तिच्या मापाचा पक्षी इथे नाही का? की कलमांवर वाढवलेली झाडे मुळात एकाच झाडाची रूपे असल्यामुळे एकमेकांचे पराग स्वीकारत नाहीत? पदवीच्या वर्गातल्या चार विद्यार्थ्यांना एक दुर्बीण, एक कुंचला आणि तीन हंगाम दिले, तर ते या प्रश्नांवर खरे काम करू शकतील. परागीभवन करणारे जीव जगभर कमी होत असताना हा प्रश्न एका झाडापुरता राहत नाही. त्याच बागेत गोरखचिंचही आहे. तिची मोठी पांढरी फुले पावसाळ्यात संध्याकाळनंतर उमलतात, रात्री वटवाघळे त्यांच्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी फूल मलूल झालेले असते. बाग सहाला बंद होते. म्हणजे गोरखचिंचेचा सगळा व्यवहार फाटक बंद झाल्यावरचा, आणि तो पाहायचा तर अभ्यासकाला रात्री आत थांबण्याची रीतसर सोय हवी. वाघांसाठी आणि पेंग्विनांसाठी जशा तज्ज्ञ माणसांच्या पाळ्या लागतात, तशी झाडांसाठी एक खोली, एक टेबल आणि एक वनस्पतिशास्त्रज्ञ असावा, हे मागणे मला मोठे वाटत नाही.

हे मागणे आत्ताच का, त्यालाही कारण आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2017 मध्ये जगभरच्या वनस्पतिउद्यानांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. ज्ञात वनस्पतींपैकी सुमारे 30 टक्के जाती आणि धोक्यात आलेल्यांपैकी 41 टक्क्यांहून अधिक जाती कुठल्या ना कुठल्या उद्यानात वाढत असल्याचे त्यांना आढळले. ही जमेची बाजू झाली. परंतु ज्या जाती एकाही उद्यानात नाहीत, त्यांतल्या अंदाजे 76 टक्के उष्ण कटिबंधातल्या निघाल्या. थंड देशांतल्या उद्यानांनी काचघरे तापवून आपल्याकडची झाडे जगवायची, आणि जिथे ती उघड्यावर वाढतील त्या आपल्या शहरांत मात्र बागेची किंमत तिकिटांच्या विक्रीवर मोजायची, हे मला मनापासून खटकते. शिवाय हा अभ्यास मुळात नोंदींवर उभा होता. ज्या उद्यानाच्या याद्या जगासमोर नाहीत, त्यातली झाडे अशा मोजणीत धरलीच जात नाहीत.

राणीच्या बागेतल्या झाडांची मोजदाद झालीच नाही असे मात्र नाही. प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार इथे तीन हजारांहून अधिक वृक्ष आणि 286 जाती आहेत. प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडांवर प्रेम करणाऱ्या काही मुंबईकर स्त्रियांनी वर्षानुवर्षे अर्ज, बैठका आणि अभ्यास करून या बागेची बाजू मांडली. या शहराने त्यांचे ऋण मानायला हवे. बाग वाचवायची तर आधी तिच्यात काय काय आहे ते नावानिशी सांगता आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

नोंद राहिली नाही तर काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. एका शिक्षणसंस्थेच्या आवारात वारसाचे एक जुने झाड होते. वारस हा आपल्या सह्याद्रीतला वृक्ष. थंडी सरताना पाने झडलेल्या फांद्यांवर त्याला झालर लावल्यासारखी पांढरी, सुवासिक फुले येतात. अकरा वर्षे मी आणि माझे विद्यार्थी त्याच्या पहिल्या फुलाची तारीख एका लांबट वहीत लिहीत होतो. एका दिवाळीच्या सुटीनंतर परत आलो तर नव्या इमारतीसाठी ते झाड गेलेले होते. पुढे वारसाच्या बहरावर काम करणाऱ्या एका तरुण अभ्यासकाने माझ्याकडे ती माहिती मागितली, तेव्हा मी वही काढून दिली. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘सर, याच झाडाचा नमुना कुठल्या संग्रहात आहे?’ कुठेही नव्हता. अकरा वर्षांत एक फांदी वाळवून, कागदावर शिवून, क्रमांक घालून ठेवण्याचे काम मी पुढच्या वर्षावर ढकलत राहिलो होतो. झाड गेले आणि माझ्या अकरा तारखांचा साक्षीदारही गेला. ती चूक माझी होती आणि तिचे दुःख अजून कमी झालेले नाही.

असा साक्षीदार जपणारी जागा राणीच्या बागेपासून चार-पाच किलोमीटरवर आहे, म्हणून जास्तच हळहळ वाटते. झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, आरंभ 1906 चा. स्वित्झर्लंडहून आलेल्या एथेलबर्ट ब्लॅटर या जेझुइट पाद्र्यांनी तो संग्रह उभा केला, फादर सांतापाव यांच्यासारख्यांनी तो वाढवला. तिथले शंभर वर्षांपूर्वीचे एखादे शीट हातात घेतले की उजव्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर गाव, तारीख, संकलकाचे नाव आणि क्रमांक फिकट शाईत वाचता येतो, आणि पान तपकिरी झाले असले तरी त्याच्या शिरा जशाच्या तशा दिसतात. बागेतल्या प्रत्येक जातीचा एक नमुना अशा संग्रहात जावा, त्याचा क्रमांक झाडावरच्या पाटीवर यावा आणि यादी सर्वांना खुली असावी. पाटीवर शास्त्रीय नावाबरोबर मराठी नाव तर हवेच. मुंबईतल्या वनस्पतिशास्त्र विभागांनी पन्नास-पन्नास झाडे वाटून घेतली, तर पालवी, कळी, फूल आणि फळ यांच्या तारखा दर आठवड्याला लिहिल्या जातील. सीझनवॉच या उपक्रमात देशभरची शाळकरी मुले अशी निरीक्षणे नोंदवतातच. त्यासाठी कुठलेही महागडे यंत्र लागत नाही. फक्त खंड पडू न देण्याची तयारी हवी, आणि ती व्यक्तींपेक्षा संस्थांना अधिक जमते, कारण व्यक्ती निवृत्त होतात.

दुसरे मागणे सह्याद्रीसाठी आहे. बागेत ब्रह्मदेश, आफ्रिका आणि अमेरिका आहेत, आणि त्या असाव्यात. पण त्यांच्या बरोबरीने आपल्या घाटांतल्या दुर्मीळ वृक्षांचा एक कोपरा हवा. त्यात बी कोणत्या डोंगरावरून, कोणत्या महिन्यात आणले ते पहिल्या दिवसापासून लिहिले जावे, म्हणजे पुढे मूळ जागी रोपे परत लावायची वेळ आली तर कोणती रोपे कुठे न्यायची याचा घोळ होणार नाही. भाऊ दाजींच्या आठवणीसाठी त्या कोपऱ्यातले पहिले झाड कडू कवठाचे असावे, अशी माझी इच्छा आहे.

ही झाली संस्थांची कामे. तुमच्याकडेही एक मागणे आहे. मुंबईतल्या, आणि मुंबईला पाहुणे म्हणून आलेल्या, असंख्य मराठी घरांच्या अल्बममध्ये राणीच्या बागेतला एखादा तरी फोटो असतो. तो काढून मागची बाजू पाहा. तारीख किंवा नुसता महिना-वर्ष लिहिलेले असेल आणि माणसांच्या मागे एखादे फुललेले झाड दिसत असेल, तर दोन्ही बाजूंचे चित्र कृपया या पोस्टखाली टाका. मी आणि माझे काही जुने विद्यार्थी झाडे ओळखून तारखांची यादी करायला बसलो आहोत. सुरुवात माझ्या घरातल्या फोटोने केली आहे. काळ्यापांढऱ्या त्या फोटोत आई उभी आहे, नऊवारीतली, कडेवर माझी धाकटी बहीण, आणि आईच्या खांद्यामागे दोन लांब तुरे लोंबताना स्पष्ट दिसतात. मागे वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे : माघ, 1974.