चोवीस नावं आहेत म्हणून हसताय?

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एकानं फॉरवर्ड टाकला. अमेरिकन गायिका बियॉन्सेच्या 'एलियन सुपरस्टार' या गाण्याच्या श्रेयनामावलीचा स्क्रीनशॉट आणि खाली ओळ : 'तुकोबांनी एकट्यानं हजारो अभंग लिहिले, हिला एका गाण्याला चोवीस गीतकार लागले.' त्यावर दिवसभर हसणाऱ्या इमोजींची रांग. मी बेळगावच्या उद्यमबागेत शिफ्टवर होतो, तिथं काही लिहिलं नाही. आता जेवण झालंय, पोरं झोपलीत आणि डोकं अजून तापलेलंच आहे. म्हणून इथं लिहितो. लांब होईल, आधीच सांगतो.

हा विनोद २०२२ चा आहे. तेव्हा अमेरिकेतल्या डायन वॉरन या मोठ्या गीतकार बाईंनीच ट्विटरवर विचारलं होतं, एका गाण्याला चोवीस लोक कसे काय? त्यावर बियॉन्सेबरोबर काम करणाऱ्या द-ड्रीम या गीतकारानं उत्तर दिलं होतं. त्याचा आशय असा : सुरुवातीला आम्हा काळ्या लोकांना बऱ्याच गोष्टी परवडत नव्हत्या, म्हणून आम्ही जुन्या गाण्यांचे तुकडे घेऊन नवं करायला लागलो, आणि त्याचीच पुढं कला झाली. म्हणजे ती चोवीस माणसं एका खोलीत बसून यमक जुळवत नव्हती. ज्यांच्या जुन्या गाण्यातनं काहीतरी घेतलंय त्यांचीही नावं त्यात आहेत. घेतलं, आणि लिहून ठेवलं कुणाकडनं घेतलं ते. ह्याला हसायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे. मोठ्या गायकांनी क्लबातल्या, गोदामातल्या, समुद्रकाठच्या पार्ट्यांतल्या संगीतातनं खुशाल घ्यावं. संगीत असंच वाढतं. पण नाव घ्यावं. ती यादी कितीही लांब होऊ दे, लोक कितीही हसू देत.

हाउस म्हणतात ते क्लबातलं नाचायचं संगीत कुठनं आलं? शिकागोत 'वेअरहाउस' नावाचा क्लब होता. १९७७ पासून तिथं फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवायचा. नाचायला येणारी पोरं बहुतेक काळी आणि लॅटिनो, त्यातली कितीतरी समलिंगी. बाकीच्या शहरात त्यांना कुणी धड उभं करून घेत नव्हतं. त्याच शहरात १९७९ च्या जुलैत बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटानं उडवला. लोक मैदानात घुसून नाचले, डिस्को संपली म्हणून. आणि संपली म्हणत होते तीच चाल ह्या पोरांनी स्वस्तातल्या ड्रम मशिनवर दुसऱ्या रूपानं उभी केली. मग २०२२ च्या जूनमध्ये ड्रेक या रॅपरचा हाउसच्या ठेक्यावरचा अल्बम आला, तीन दिवसांनी बियॉन्सेचं 'ब्रेक माय सोल', आणि मथळे काय? 'हाउस परत आलं.' अरे, गेलं कुठं होतं?

परवा माझी भाची गाडीत होती. मी रॉबिन एसचं 'शो मी लव्ह' लावलं, १९९३ ला जगभर वाजलेलं. पोरगी म्हणते, "मामा, हे तर बियॉन्सेचं उचललंय की वो." लेकराचा काय दोष? तिच्यापर्यंत ते उलट्या बाजूनंच पोचलं. म्हणून तर कुठंतरी लिहिलेलं असावं लागतं. 'ब्रेक माय सोल'च्या यादीत 'शो मी लव्ह' लिहिणाऱ्या दोघांची नावं आहेत. मी तिला तिथंच गाडी बाजूला घेऊन दाखवली. नसती तर काय दाखवलं असतं?

आता माझं एवढं रक्त का आटतंय ते सांगतो.

आमचा जांबोटीकडचा मावसभाऊ आहे, दादा. खानापूर तालुक्यातली पोरं गोव्याला कामाला जातात हे बेळगावात कुणाला सांगायला नको. दादा नव्वदीच्या सुरुवातीला हणजूणला स्पीकर भाड्यानं देणाऱ्या एकाकडं लागला. काम म्हणजे पेट्या उचलायच्या, वायरी ओढायच्या, जनरेटरला डिझेल घालायचं आणि उजाडेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहायचं. गणपतीला घरी आला की माझ्यासाठी कॅसेट आणायचा. कुठल्यातरी गोऱ्यानं दिलेली, वर बॉलपेननं फक्त 'पार्टी' असं लिहिलेलं. ना गाण्याचं नाव, ना वाजवणाऱ्याचं.

शहापुरातल्या आमच्या दीड खोलीत मी ती कॅसेट इतकी वाजवली की आई ओरडायची, "गिरणी बंद कर ती!" मला कळत काहीच नव्हतं. फक्त एवढं कळायचं की ह्यात गायक नाही, हिरो नाही, नुसती एक लाट येतीय आणि ती संपूच नये असं वाटतंय. ह्या संगीताला गोवा ट्रान्स म्हणतात हे मला खूप नंतर कळलं. तिथले डीजे तबकड्या फारशा वापरत नसत, उष्म्यानं वाकायच्या म्हणून. टेपवरच वाजवायचे, एकमेकांत टेपा बदलायचे. गोवा गिलसारख्या काही जणांचं नाव राहिलं. बाकीचे गेले वाऱ्यावर.

मग १९९८ ला मॅडोनाचं 'रे ऑफ लाइट' आलं. केबलवर सारखं लागायचं. दादा तेव्हा सुट्टीवर होता, टीव्हीसमोर जेवत होता, घास हातात धरून थांबला. "ही आमच्या हणजूणची धून हाय रे." तीच धून नव्हती, पण घराणं तेच होतं, त्याचा कान चुकला नव्हता. मॅडोनानं त्याच नावाच्या अल्बमवर तो आवाज घडवणाऱ्या विल्यम ऑर्बिटचं नाव ठळक ठेवलं, हे मी मान्य करतो. पण त्या सगळ्या आवाजामागं किती रात्री, किती किनारे, किती माणसं होती, ते कुठल्या कव्हरवर येणार? बीबीसी रेडिओ वनवर १९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्ड या इंग्लिश डीजेनं 'गोवा मिक्स' वाजवला तो आजही लोक आठवून आठवून ऐकतात. गोवा हे नाव जगभर गेलं. जनरेटरला डिझेल घालणारा कुणाच्या खिजगणतीत नाही.

आणि आता तुकोबा. तुम्हीच काढलंय नाव, तर ऐका.

येळ्ळूरच्या, कडोलीच्या कुठल्याही भजनी मंडळात जाऊन बसा. गाणारा कोण आहे, आवाज कसा आहे, पेटी सुरात आहे की नाही, काही असू दे. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' येतंच. भीमसेनजींसारख्या डोंगराएवढ्या माणसानं गायलं तरी त्यांनाही ते म्हणावंच लागलं. आणि जनाबाई? तिनं आपल्या नावाशेजारी नामदेवाचंही नाव ठेवलं, नामयाची जनी. आपल्याकडं गाण्याच्या पोटातच कर्त्याचं नाव शिवून ठेवायची रीत आहे. दळणाबरोबर, वारीबरोबर ते नाव इतकी शतकं चालत आलं. नाहीतर कुणाला कळलं असतं कुठला अभंग कुणाचा? तुकोबांचा दाखला देऊन नावांच्या यादीची चेष्टा करणाऱ्यांनी हे जरा शांतपणे बसून बघावं.

नाव नसलं की काय होतं ते सांगू? १९८९ ला ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचं 'राइड ऑन टाइम' आलं. इंग्लंडात त्या वर्षीचं सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल. त्यातला तो चिरत जाणारा आवाज लोलेटा हॉलोवेचा, तिच्या १९८० च्या गाण्यातनं कापून घेतलेला. आणि टीव्हीवर तोंड हलवायला कोण? एक मॉडेल. लोलेटाला स्वतःच्याच आवाजासाठी वकील लावावा लागला. दुसरा ग्रेगरी कोलमन, अमेरिकेतला ड्रमवाला. १९६९ ला विन्स्टन्स नावाच्या बँडसाठी त्यानं सहाएक सेकंद ढोल वाजवला. तो तुकडा पुढं हजारो गाण्यांत गेला, इंग्लंडातल्या जंगल आणि ड्रम अँड बेस या नाचाच्या संगीतांची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे, पॉपवाल्यांनीही मनसोक्त वापरला. कोलमन २००६ ला गेला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. घर नव्हतं! आणि तुम्ही चोवीस नावांना हसताय.

हो, माहितीय मला काय म्हणाल. कोलमनचा तुकडा पहिल्यांदा पॉपवाल्यांनी नाही, अंडरग्राउंडवाल्यांनीच विचारल्याशिवाय घेतला. खरं आहे. हाउसवाल्या डीजेंनीही दुसऱ्याच्या तबकड्यांवर आपले मजले चढवले. कोऱ्या लेबलाच्या तबकड्या काढायचे, आपण काय वाजवतोय ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. तेही खरं. आणि बियॉन्सेची यादीही पूर्ण न्यायाची नाही. केलिस या गायिकेनं तक्रार केलीच होती की माझ्या गाण्यातलं घेतलं आणि मला कळवलंसुद्धा नाही, मग तो भाग काढून टाकला. हक्क दुसऱ्यांच्या नावावर होते म्हणे. कायद्यानं बरोबर असेल. पण गल्लीतल्या पोरानं गल्लीतल्या पोराचं घेणं आणि अख्खं स्टेडियम भरवणारीनं घेणं ह्यात मला फरक दिसतो. गल्लीत निदान सगळ्यांना माहीत असतं कुणाचं काय आहे.

आपल्या मिरवणुकीतल्या डीजेंचंच घ्या. शिवजयंतीला, गणपतीला डॉल्बीवर जे मिक्स वाजतात त्यात हलगीवर मध्येच एक भरड्या आवाजाची हाळी येते, 'डीजे अमुक, बेळगाव!' सगळे वैतागतात. मंडळातली पोरं म्हणतात, तो आवाज काढून दे, रीलला अडचण येते. मला ती हाळी आवडते, खरंच आवडते. कारण ते मिक्स पेन ड्राइव्हवरून निपाणीला जातं, संकेश्वरला जातं, कोल्हापूरला जातं, आणि त्या पोराकडं सांगायला दुसरं काही नाही. वकील नाही, कंपनी नाही. उद्या कुठल्यातरी मोठ्या सिनेमात तोच ठेका येईल आणि आपणच म्हणू, बघ, ह्यांनी सिनेमातलं उचललं. ते स्वतः दुसऱ्याच्या गाण्यावर आपली हाळी लावतात, हे आहेच. तरी.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. चरणजीत सिंग आठवले. मुंबईतले, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक. पडद्यावर अशा वादकांचं नाव कधी आलं? १९८२ ला त्यांनी रोलंड कंपनीची वाजवायची यंत्रं घेतली, ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८, आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. कुणी विचारलं नाही. २०१० ला ती तबकडी पुन्हा निघाली आणि जग चकित झालं. शिकागोत १९८७ ला ॲसिड हाउसची, म्हणजे त्याच ३०३ च्या आवाजावर उभ्या हाउसची, पहिली तबकडी निघाली म्हणतात, तिचा आवाज ह्या माणसानं पाच वर्षं आधी, भैरवी आणि यमन वाजवताना काढला होता. शिकागोवाल्यांनी त्यांचं ऐकून केलं असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण सत्तरी ओलांडल्यावर त्या माणसाला परदेशात बोलावणी आली, नातवंडांच्या वयाची पोरं त्यांच्यापुढं नाचली. २०१५ ला गेले. तबकडीवर नाव छापलेलं होतं म्हणून कुणीतरी त्यांचा फोन शोधू शकलं. बिननावाची कॅसेट असती तर?

संध्याकाळी दादाला फोन लावला. आता काजू बघतो तो. विचारलं, ती 'पार्टी'वाली कॅसेट कुणाची होती रे? म्हणाला, "काय म्हाईत. मी डिझेल बघत होतो." मग जरा वेळानं स्वतःच बोलायला लागला. पार्टीच्या कडेला चटया टाकून रॉकेलच्या दिव्यावर रात्रभर चहा करणाऱ्या बायका असायच्या. त्यांची नावं त्याला अजून पाठ आहेत. एकेक करून सांगितली, कुणाचा स्टोव्ह भडकायचा, कोण त्याला पहाटे फुकट ऑम्लेट द्यायची. मी सगळी वहीत उतरवून घेतली. त्यांच्या घरच्यांना विचारून मगच ती कुठं टाकीन.

तर दोन कामं आहेत. एक, ज्यांची मंडळं आहेत त्यांनी यंदा डीजेला त्याची हाळी काढायला सांगू नका, आणि रील टाकताना मिक्स कुणाचं ते खाली लिहा. दोन, ती कॅसेट माझ्याकडं अजून आहे पण डेकचा पट्टा गेलाय. खडेबाजारात किंवा टिळकवाडीत जुने डेक दुरुस्त करणारं कुणी उरलंय का? असेल तर कमेंटमध्ये सांगा. एकदा ती फोनमध्ये उतरवली की मी इथंच टाकतो, त्या काळात गोव्याला जाणारं कुणी असेल तर ऐकून ओळखेल कोण वाजवतंय ते.