मालकाचं उत्तर : आरएक्स हंड्रेडचा पिस्टन जाम झाला त्याबद्दल

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गाडी सांगितलेल्या तारखेला मिळाली नाही, तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. यामाहाची आरएक्स हंड्रेड १९९६ सालीच बंद झाली. चांगला ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा जरा मोठा पिस्टन कधी लगेच मिळतो, कधी पुण्या-मुंबईकडून यायची वाट बघावी लागते. असो, उशीर तो उशीरच.

पण पुढं तुम्ही लिहिलंय, "नऊ हजार घेतले आणि अंबा घाटात इंजिन जाम. लुटारू गॅरेज." हे वाचून मात्र गप्प बसवेना. कोल्हापुरात उद्यमनगरात वडिलांपासूनचं काम आहे आमचं. कालपासून दोन गिऱ्हाइकांनी "बघू नंतर" म्हणून फोन ठेवलाय.

तुमची गाडी आली तेव्हा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडरचा आतला भाग, ओरखडलेला होता. पन्नास मिलिमीटरचा बोअर साडेपन्नास केला, होनिंग करून आतून गुळगुळीत केला, पोर्ट (सिलिंडरमधली गॅस आत-बाहेर जायची भोकं) साफ करून थोडे वर घेतले, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं. नुसत्या बोअरनं काही होत नाही, ९८ सीसीची जेमतेम १०० होते. ताकद येते ती पोर्टमधून, म्हणून त्या कामाला वेळ जातो आणि पैसेही त्याचेच असतात. तुम्ही १३५ सीसीचा सिलिंडर बसवा म्हणाला होता. आर.सी.वर ९८ लिहिलेलं असताना ते मी करत नाही, हे तोंडावर सांगितलं होतं. चार पैसे जास्तच सुटले असते त्यात.

आता घाटाचं. नवीन पिस्टन आणि बोअरमध्ये मिलिमीटरचे चार-पाच शतांश एवढीच फट ठेवलेली असते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तापला की लवकर फुगतो. म्हणूनच गाडी देताना सांगितलं होतं की पहिले पाचशे किलोमीटर डबलसीट नको, एकाच थ्रॉटलवर ताणायची नाही, मधे मधे थांबवून गार होऊ द्यायची. बिलाच्या मागं पेनानं लिहूनही दिलंय. तुम्ही आठवड्यातच डबलसीट गणपतीपुळ्याला गेला. जाऊन येऊन तीनशेच्या आसपास किलोमीटर होतात, आणि परतीला घाटाचा चढ. देवाला गेलात त्याला माझी ना नाही, पण गाडी नवीन नवरीसारखी होती हो.

तरीही एवढ्यानं जाम झालीच असती असं मी म्हणणार नाही. टेम्पोतून गाडी आली तेव्हा पहिल्यांदा मी प्लग काढला. आम्ही दिली तेव्हा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर वाढवून, फेरी मारून, प्लगचा रंग विटकरी येईपर्यंत कार्बोरेटर लावला होता. घाटातून आलेला प्लग पांढराफटक. टू-स्ट्रोकमध्ये पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि आत भट्टी. साइड पॅनल उघडलं तर फिल्टरचा डबाच गायब! त्या जागी लाल कोन फिल्टर, शंकूसारखा उघडा. विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणाला, "मित्रानं बसवला, आवाज भारी येतो." आवाज येणारच. हवा जास्त घुसायला लागली, पण पेट्रोल तेवढंच राहिलं. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला उभा खरवडलाय, अ‍ॅल्युमिनियम बोअरला चिकटलंय. हे सगळं तुमच्या समोरच उघडलं होतं. रिव्ह्यूमध्ये कोन फिल्टरचा उल्लेख कुठंच दिसला नाही.

"खालच्या गिअरला गाडी मरते" हेही लिहिलंय. पोर्ट वर घेतले की ताकद वरच्या आरपीएमला सरकते, खाली थोडी कमी होते. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि पिकअप वरच पाहिजे असं तुम्हीच म्हणाला होता.

नऊ हजारांपैकी पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट आणि लेथवाल्याचे जाऊन माझ्याकडं काय राहिलं ते बिलावर दिसतंय. लुटायचं असतं तर पक्कं बिल कशाला दिलं असतं?

बाकी, तारखा सांगताना इथून पुढं सांभाळून सांगू, रनिंगच्या सूचनाही छापून टाकीवर चिकटवायचा विचार आहे. इतरही सुधारणा चालू आहेत.

तुमचा पिस्टन आणि प्लग दोन्ही जपून ठेवलेत, कुणाही जाणत्या मिस्त्रीला घेऊन या आणि दाखवा. पुढच्या साइजचा पिस्टन आणि बोअरिंगचा खर्च तुमचा, माझी मजुरी एक रुपया घेणार नाही. सोमवार सोडून कधीही या. "लुटारू" तेवढं काढलंत तर बरं होईल, स्टार एकच राहू दे.

येताना फिल्टरचा जुना डबा मात्र घेऊन या.