काकू, काटे काढू द्या की!

दादरमध्ये रविवारी दुपारी मालवणी खानावळीत जेवायचं म्हणजे आधी पाऊण तास फुटपाथवर तिष्ठायचं. ठीक आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यानंतर सगळेच हपापलेले असतात, समजू शकतो. पण बसल्यावर तरी जेवू द्याल?

पहिला घास तोंडात जातो न जातो तोच पुढचं कुटुंब माझ्या खुर्चीला टेकून उभं. पोरगा ताटातल्या सुरमईच्या तुकड्या मोजतोय. काकू विचारतात, "होतच आलंय ना तुमचं?"

अहो काकू, बांगड्याचं तिखलं आहे हे! तिरफळं बाजूला काढायची, काटे सोडवायचे, मग भातात कालवायचं. घाईत गिळलं तर काटा घशात, मग तुम्ही काढणार का?

वेटरही त्यांच्याच बाजूचा. मी भात मागतोय आणि हा बडीशेप आणि बिल आणून आदळतो. दुसरी सोलकढी? "संपली." दुपारी १ वाजता! शेजारच्या टेबलावर मात्र दोन ग्लास गेले, माझ्या डोळ्यांदेखत.

बायको म्हणते, पार्सल आणत जा. आणलं होतं एकदा. वडे घरी पोचेपर्यंत चामडं!